गच्चीवरचा सिनेमा आणि अण्णा

बी-५०२: काल गच्चीवर ‘लाइफ ऑफ पाय’ संपला आणि मी कुणाशी न बोलता खाली आले. खुर्च्या उचलायलाही थांबले नाही, माफ करा. पाय नावाच्या मुलाबरोबर २२७ दिवस समुद्रात एकाच होडीत काढल्यावर तो वाघ मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरतो, जंगलाच्या कडेला जरा थांबतो आणि मागे न बघता निघून जातो. जहाज बुडालं तेव्हा मी रडले नाही. इथे मात्र हुंदका आवरेना.

बी-४०१: ताई, माफी कसली! आमच्या रांगेत सगळ्यांचेच डोळे भरले होते.

सी-३०३: मला एक कळलं नाही. वाघ खरंच होता का? शेवटी पाय चौकशीला आलेल्या त्या जपानी माणसांना वाघाशिवायची गोष्टही सांगतो ना?

ए-६०१: मी याच कामात आहे म्हणून सांगतो. बहुतेक दृश्यांतला वाघ संगणकावर घडवलेला आहे आणि त्यात मुंबई-हैदराबादच्या कलाकारांचाही हात आहे. शेवटी तो किती हडकलाय बघा. चेहरा दिसत नाही, जे सांगायचं ते पाठीतून. फार अवघड काम आहे ते.

सी-३०३: दादा, आता पुन्हा बघायलाच हवा.

बी-५०२: वाघ खरा की खोटा, माझ्यासाठी सारखंच. आपण जगलो याचं पायला काही वाटत नाही, निरोप राहिला हेच त्याला सलत राहतं. मोठा पाय झालेल्या इरफान खानच्या डोळ्यांत ते दिसतं. एप्रिल २०२० मध्ये इरफानची आई जयपूरला वारली, लॉकडाऊनमुळे त्याला जाता आलं नाही. चार दिवसांनी त्यानेही इथे मुंबईत डोळे मिटले. वर्सोव्याच्या दफनभूमीत मोजकी माणसं होती.

बी-५०२: त्याच उन्हाळ्यात अण्णांना नेलं. मला वरून फक्त त्यांची पाठ दिसली, मग गुलमोहर आड आला. वळले असते तर हात तरी केला असता. हे मी आजवर कुणाला बोलले नव्हते.

बी-४०१: आम्ही सगळेच दारं लावून बसलो होतो ताई. ज्यांनी वीस वर्षं सोसायटीचं पाणी सांभाळलं, त्यांना सोडायला कुणी खाली उतरलं नाही. फार लागतं ते मनाला.

ए-००२: अगं, तुमच्या खिडकीतून गेट दिसत नाही. आमच्या गॅलरीतून दिसतं. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये चढण्याआधी अण्णा थांबले होते. वॉचमनला म्हणाले, सातला पंप बंद कर, टाकी वाहते. मग गुलमोहराच्या बाजूला सरकले आणि तुमच्या खिडकीकडे बघत राहिले. तुला माहीत असेल असंच मी धरून चाललो होतो.

बी-५०२: नाही काका. माहीत नव्हतं.

बी-५०२: उद्या सकाळी खाली येते. कुठे उभे होते ते दाखवाल?

ए-००२: सातला ये. पंप बंद करायला मी खाली असतोच.