मॉन्स्टेराची खालची पानं पिवळी पडतायत

८ इंची कुंडी, पूर्वेची खिडकी, एक दिवसाआड पाणी. पावसाळा सुरू झाल्यापासून खालची तीन पानं पिवळी, देठ मऊ. खत कमी पडतंय का?

↳ खत आत्ता अजिबात नको. देठ मऊ म्हणजे पाणी जास्त झालंय. दमट हवेत माती वाळत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. झाड कुंडीतून काढून बघा: पांढरी, टणक मुळं चांगली; तपकिरी, बुळबुळीत, वास येणारी मुळं निर्जंतुक कात्रीने कापा. नवं मिश्रण: २ भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), १ भाग परलाइट (माती मोकळी ठेवणारे हलके पांढरे खडे), १ भाग गांडूळखत. कुंडी मुळांपेक्षा जेमतेम २ इंच मोठी. मोठ्या कुंडीत ओल तशीच राहते, तिथेच बहुतेकांचं चुकतं.

↳ पाण्याचं वेळापत्रक सोडा. बोट २ इंच खुपसा, कोरडं लागलं तरच पाणी. बशीत साचलेलं ओतून टाका.

↳ नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असत्या, तर लोहाची कमतरता म्हटलं असतं. इथे तसं दिसत नाही. पिवळं पान परत हिरवं होत नाही, काढून टाका. पुनर्लागवडीनंतर मिश्रणातल्या गांडूळखताशिवाय वेगळं खत महिनाभर तरी नको.