‘डस्ट’ म्हणजे नुसती धूळ?

कापूसवाला: काल इथं एकानं लिहिलं, ‘डस्टला धूळ हा शब्द पुरेसा आहे, कास्तकार उगाच इंग्रजी बोलून भाषा बिघडवतात.’ रात्रभर डोक्यात तेच. चहाची डस्ट म्हणजे बुकणी, गिट्टी खदानीची म्हणजे चुरी, गंधकाची म्हणजे भुकटी. घोळ इंग्रजीतच आहे. टेबल डस्ट केलं की धूळ पुसली, पीक डस्ट केलं की भुकटी टाकली! आपल्याकडं झटकणं वेगळं, धुरळणं वेगळं.

निवृत्त मास्तर: ते मीच लिहिलं होतं. धूळपेरणी, धूळवड म्हणणाऱ्यांना शब्द कमी पडतात? आणि ‘धुरळणं’ शेतात बोलतं कोण?

वऱ्हाडी गडी: कोनी नाई, मास्तर. मुगावर भुरी, म्हंजे पांढरी बुरशी, आली की ‘डस्ट मारली’ म्हन्तो आमी. हेक्टरी 20 किलो गंधक. माहा बाप पहाटे दहिवरात, जुन्या धोतराच्या फडक्यात भुकटी बांधून ओळीओळीनं झटकत जाये. म्हंजे झटकून बी पिकावर बसतेच! पन शब्द समजाले पायजे. एकदा दुकानदारानं पान्यात मिसळाच्या गंधकाच्या जागी डस्टची थैली देल्ली. पंपात टाकली, नोझल चोंदलं, अख्खी सकाळ गेली.

वणीकडची: तुमचं झटकणं चालू द्या. आमच्या रस्त्यानं कोळशाचे ट्रक जातात. बोंड फुटलं की कापूस काळपट, अन् व्यापारी भाव पाडतो.

निवृत्त मास्तर: ताई, विषय भाषेचा आहे. रस्त्यावर पाणी मारतात की.

वणीकडची: साहेब येणार असले की मारतात! अन् भाषेचंच बोलते आहे मी. सासूबाईंच्या उशीचा अभ्रा सकाळी झटकला की हात काळा होतो. चिठ्ठीवर मात्र ‘डस्ट अ‍ॅलर्जी’. त्यात कोळसा दिसतो कुठं? तुमच्या ‘धूळ’मध्ये तरी दिसतो का?

कापूसवाला: ताईंचं खरं आहे. हवेच्या मोजणीतही 10 मायक्रॉनपर्यंतचे कण एकाच आकड्यात येतात, माती असो की कोळसा. आणि गड्या, झटकण्याचं तुझं मान्य. पण तेवढंच.

निवृत्त मास्तर: बरं, चुरी आणि भुकटी मीही मान्य करतो. ‘डस्ट मारली’ नाही.

वऱ्हाडी गडी: नका करू. मुगाले चालते.

वणीकडची: सोमवारी सासूबाईंना पुन्हा दवाखान्यात नेते आहे. कागदावर ‘कोळशाची भुकटी’ असं लिहून मागणार.