शेंगदाणेही त्याच रांगेत

‘सुकामेवा खाल्ल्याने आयुष्य वाढतं’ या दाव्यावर एक आक्षेप घेतला जातो: बदाम-अक्रोड खाणारे मुळात सुखवस्तू असतात, म्हणूनच जास्त जगतात. तो रास्त आहे. २०१३ साली अमेरिकेतल्या परिचारिका आणि पुरुष आरोग्य-व्यावसायिकांचा सुमारे १,१९,००० जणांचा अभ्यास आला. रोज मूठभर, म्हणजे २८ ग्रॅम, सुकामेवा खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २० टक्क्यांनी कमी होतं. धूम्रपान, वजन, व्यायाम हिशोबात धरूनही. तरी ते निरीक्षणच, त्यातून सुकामेव्यामुळेच हे झालं असं सिद्ध होत नाही. स्पेनच्या प्रेडिमेड चाचणीत, म्हणजे लोकांना ठरवून वेगवेगळा आहार देऊन केलेल्या प्रयोगात, भूमध्य सागरी पद्धतीच्या आहारासोबत रोज ३० ग्रॅम अक्रोड-बदाम-हेझलनट दिले, तेव्हा हृदयविकार आणि पक्षाघात मिळून घटले. एकूण मृत्यूंत मात्र ठोस फरक नव्हता. त्यामुळे ‘आयुष्य वाढतं’ असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही, हृदयाला फायदा होतो असं जरूर म्हणेन.

पण त्या अमेरिकन अभ्यासात शेंगदाण्याचा फायदाही जवळजवळ तेवढाच निघाला, याकडे कुणी लक्षच देत नाही! साधे भाजलेले मूठभर दाणे खा, खारे नकोत, आणि तेही फरसाणाच्या जागी, फरसाणाच्या जोडीला नव्हे. खवट, सुरकुतलेले, काळपट दाणे मात्र निवडून टाकाच. त्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष असू शकतं. ते यकृताला घातक असतं आणि भाजूनही पूर्ण जात नाही.