मदत हवी: सफारी गरम होते, मोठा रेडिएटर कोणता बसेल?

बोरीकाठ
गाडी सफारी. काटा लाल पट्ट्याला टेकायला जातो. रेडिएटर बदलून झाला, तरी तेच. मेकॅनिक आता म्हणतो इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा भाग, खोलावं लागेल, तीस-पस्तीस हजार धरा. मला हेड खोलायचं नाही. मला फक्त एवढंच सांगा, हिला दुसऱ्या कुठल्या गाडीचा मोठा रेडिएटर वेल्डिंग-बिल्डिंग करून बसतो का? कुणी ४०७ ट्रकचा बसवलाय असं ऐकलंय. रामनवमीच्या आत काम व्हायला हवं. "शोरूमला दाखवा" असं कृपया लिहू नका, तिथं जाऊन आलोय.

तापीपूर
कोणती सफारी? १९९८ पासून निघालेली गाडी आहे, तिच्यात इंजिनं किती बदलली. जुनी दोन लिटरची टर्बो, २००५ ची तीन लिटर डायकॉर, की नंतरची २.२? गरम कधी होते? चढावर, हायवेवर, उभ्या उभ्या? एसी लावून की बंद असताना? पाणी कमी होतं का? यातलं एकही लिहिलेलं नाही आणि रेडिएटरचं माप विचारताय.

केळीपट्टा
थर्मोस्टॅट, ती रेडिएटरच्या पाण्याच्या वाटेतली झडप, काढून फेका. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यात पारा पंचेचाळीसला भिडतो, तिथं थर्मोस्टॅट ठेवायचाच कशाला? थंड देशातल्या गाड्यांसाठी आहे ते. माझ्या बोलेरोचा काढला, ट्रॅक्टरचा काढला, मेहुण्याच्या सुमोचाही काढला. एकही गरम होत नाही.

वर्कशॉप_आग्रारोड
केळीपट्टा भाऊ, हा सल्ला देऊ नका. थर्मोस्टॅट साधारण ऐंशी ते नव्वद अंशांच्या दरम्यान उघडतो. भुसावळची हवा पंचेचाळीस असली तरी इंजिनाला त्याच्या दुप्पट तापमान लागतंच, तेव्हा त्याचा थंड देशाशी संबंध नाही. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायमचा उघडा राहतो आणि गरम पाण्यातलं काही रेडिएटरला न जाता तसंच इंजिनात फिरत राहतं. म्हणजे एकीकडे थंडीत इंजिन तापत नाही, डिझेल जास्त जातं, आणि दुसरीकडे उन्हाळ्यात लोड पडला की जास्तच तापतं.

केळीपट्टा
पुस्तकातलं आहे हे. माझ्या गाड्या चालू आहेत ना?

बोरीकाठ
२.२ आहे, २००९ ची. पाणी कमी होत नाही. एसी लावला की लवकर गरम होते. थर्मोस्टॅट मेकॅनिकने नवीन टाकलाय म्हणे. आता रेडिएटरचं सांगा.

पांझरा_टायर
२००९ म्हणजे पंधरा वर्षं झाली. पासिंग केलं का? पाच वर्षांचंच वाढवून मिळतं, वर पर्यावरण कर वेगळा. एप्रिल २०२२ मध्ये नुसती फीच पाच हजार झाली. आणि टायर कोणते आहेत? मूळचे २३५/७० आर १६ असतील तर ठीक. रुंद टाकले असतील तर इंजिनावर लोड येतो, गरम होण्याचं तेही कारण असू शकतं.

तापीपूर
टायरमुळे काटा लालला टेकत नाही हो.

बोरीकाठ, माझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर राहिलंच. कोणत्या वेगाला गरम होते?

बोरीकाठ
हायवेला काही नाही. पारोळ्याहून धुळ्याला ऐंशीने गेलो तर काटा निम्म्यावरच असतो. लळिंग घाटही एसी बंद करून चढते. पण आम्हाला गाडी हळू चालवायची आहे ना. चैत्राची यात्रा आहे, गावची पायी दिंडी सप्तशृंगीगडावर जाते. गाडी दिंडीच्या मागे. मालेगाव, देवळा, कळवण, नांदुरी. आत औषधं, पाण्याचे जार, आणि पाय सुजलेली म्हातारी माणसं. मागच्या वर्षी देवळ्याच्या अलीकडे दर अर्ध्या तासाला बॉनेट उघडून उभे होतो.

तापीपूर
हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंत!! दिंडीच्या मागे म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या वेगानं, पहिल्या गिअरमध्ये, दिवसभर, चैत्राच्या उन्हात, एसी लावून. सगळा प्रश्नच बदलला.

वर्कशॉप_आग्रारोड
आता बोलता येईल. वेगात असताना रेडिएटरमधून वारा आपोआप जातो. वेगात ठीक आणि हळू चालवताना गरम, याचा अर्थ पाणी फिरतंय, रेडिएटर उष्णता टाकतोय, हेड गॅस्केटही, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, बहुतेक शाबूत आहे. कमी पडतोय तो वारा. हळू चालताना वारा ओढायचं काम एकट्या पंख्याचं. म्हणून पंखा, त्याचा व्हिस्कस कपलिंग (गरम झालं की पंख्याला इंजिनाशी घट्ट जोडणारा), पंख्याभोवतीचा प्लास्टिकचा श्राउड, आणि समोरून वारा आत यायची वाट, एवढंच बघा. हेड खोलायची घाई करू नका. गॅस्केटची शंका घालवायची असेल तर सकाळी थंड इंजिन चालू करून टाकीत सतत बुडबुडे येतात का बघा, वरचा होज लगेच दगडासारखा कडक होतो का दाबून बघा, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साका आहे का बघा. यातलं काही नसेल तर पस्तीस हजार खिशात ठेवा. गरम असताना टाकीचं झाकण उघडायचं नाही हे सांगायला नको, पण सांगतो. आत दाब असतो, बाहेरच्या हवेपेक्षा एक बार जास्त दाबाला नुसतं पाणीही एकशेवीसपर्यंत उकळत नाही. झाकण काढलं की ते सगळं एकदम उसळून अंगावर येतं.

अहिरानी_गडी
भाऊ, पयले पंखा दखा. इंजिन बंद, थंडं, तवय हातघाई फिराडी दखा. जरा जड लागना ते ठीक शे. गरगर फिरत ऱ्हायना म्हंजे कपलिंग गयं. आनि जागावरथीन हालनाच नही ते जाम व्हयेल शे. पैसा लागत नही, करी दखा.

केळीपट्टा
पंख्याचं कपलिंग वेल्ड करून टाका. कायमचा फिरेल. आमच्याकडे सगळे करतात.

वर्कशॉप_आग्रारोड
करतात. मग हायवेला पंखा घरघरत राहतो, ताकद खातो, डिझेल खातो. अगदीच अडलात तर वाटेत काम निभावण्यापुरतं ठीक.

जामनेर_डिझेल
ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, ब्लॉक केलाय का? २.२ मध्ये ईजीआरचा काजळीचा त्रास असतो. मी माझ्या गाडीत पत्र्याची चकती घालून बंद केला, गाडी हलकी पळते. फोटो टाकू का?

तापीपूर
विचारलंय काय, सांगताय काय. ईजीआर बंद केला की धुराचे नियम मोडतात, आणि पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला धुराची तपासणी असते.

बोरीकाठ
पंखा हातानं फिरवला. थोडा जड लागतो, जाम नाही. म्हणजे कपलिंग चांगलं ना? मग मोठा रेडिएटरच लागेल. आणि समोर काही अडथळा नाही, फक्त लोखंडी गार्ड आहे आणि दोन जास्तीचे दिवे. गाडी घेतली तेव्हापासून आहेत.

पांझरा_टायर
गार्ड काढा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवलंय, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कारवाई करा म्हणून. दंड होतो.

केळीपट्टा
खान्देशात गार्ड नसलेली बोलेरो दाखवा, बक्षीस देतो. रानडुक्कर आडवं आलं की कलम ५२ येणार आहे का?

पांझरा_टायर
बोलेरोला आहे म्हणून कायदेशीर होत नाही. माणसाला धडक बसली तर गार्डनं जास्त लागतं, म्हणून तर नियम आला.

तापीपूर
गार्डचं भांडण वेगळ्या धाग्यात करा. बोरीकाठ, दिवे जाळीच्या बरोबर समोर असतील तर तेवढे तरी काढून ठेवा. आता तीन गोष्टी सांगा. गाडी रोज उभी कुठं असते? एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढ्यातली एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधली फट शेवटची कधी साफ झाली? आणि पंख्याभोवती श्राउड आहे का?

बोरीकाठ
जिनिंगच्या आवारात. माझं कामच तिथं आहे. त्याचा काय संबंध?

तापीपूर
जिनिंग!!!

वर्कशॉप_आग्रारोड
संबंध तोच आहे. कापसाचं लिंट, म्हणजे बारीक तंतू, हवेत उडतं, पंखा ते आत ओढतो. कंडेन्सरच्या बारीक पत्र्यांतून निम्मं पार होतं आणि मागं रेडिएटरच्या तोंडावर अडकतं. वरून धूळ बसते, ऑइलचा ओशटपणा लागून त्याची गोधडी होते. समोरून जाळीत डोकावलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. हंगामात जिनिंगवाल्यांच्या गाड्या माझ्याकडे याच तक्रारीनं येतात. कंडेन्सर वरच्या बोल्टांतून सैल करून दोन बोटं पुढे घ्या, गॅसचे पाइप सोडायचे नाहीत. मग मधे टॉर्च मारा. आणि धुताना कार वॉशचा जोराचा फवारा मारू नका, पत्रे आडवे पडतात आणि वाट कायमची बंद होते. साध्या नळीनं, इंजिनाच्या बाजूकडून बाहेर.

शेवभाजी
यात्रेत खासगी गाड्या नांदुरीलाच अडवतात, गडावर एसटीनं जावं लागतं. त्यामुळे वरच्या घाटाची काळजी नसावी. दिंडीत जेवणाला काय असतं? गेल्या वर्षी कळवणच्या पुढं एका दिंडीनं आम्हाला कळण्याची भाकरी आणि ठेचा वाढला होता, अजून विसरलो नाही.

बोरीकाठ
घाटाचं माहीत आहे. जेवणाचं नंतर.

कंडेन्सर सैल केला. मधून जे निघालं त्याचा फोटो टाकलाय. हाताच्या पंज्याएवढे काळे थर, ओढले की अखंड सुटत होते, आत कापूस अजून पांढरा होता. रेडिएटर नवीन असून मधला पट्टा पूर्ण झाकलेला.

श्राउड नाही. मेकॅनिकला फोन केला तर म्हणाला, नवीन रेडिएटर जाडीला जास्त घेतला होता, त्याच्यापुढे श्राउड बसेना, म्हणून काढून ठेवला, त्यानं काय फरक पडतो. त्याच्या माळ्यावर आहे अजून.

वर्कशॉप_आग्रारोड
फरक हाच पडतो. श्राउड नसला की पंखा रेडिएटरमधून वारा ओढत नाही, आजूबाजूचीच इंजिनातली गरम हवा घुसळत बसतो. म्हणजे आधी लिंटमुळे गरम होत होती. इलाज म्हणून जाड रेडिएटर आला, त्यानं श्राउड गेला, आणि लिंट होतं तिथंच राहिलं. आता ४०७ चा बसवलात तर उरलीसुरली जागाही जाईल.

जुना रेडिएटर गळका नव्हता ना? मग तो रॉडिंग करून, म्हणजे टाक्या उघडून नळ्यांतून सळई फिरवून परत बसवा आणि श्राउड लावा. तो भंगारात गेला असेल तर श्राउडच्या कडेनं ॲल्युमिनियमची पट्टी रिव्हेट करून नव्या रेडिएटरला जुळवून घ्या. पंख्याची पाती निम्मी श्राउडच्या आत, निम्मी बाहेर दिसली पाहिजेत, आणि पात्याच्या टोकापासून श्राउडपर्यंत एक इंचाच्या आत फट. घासायलाही नको. इंजिन गचके खातं तेव्हा हलतं, तेवढं गृहीत धरा.

चोपडा_बोअर
पाणी कोणतं भरता? आमच्या बोअरचं पाणी घातलं तर वर्षभरात चहाच्या भांड्यासारखा पांढरा थर बसतो.

बोरीकाठ
कूलंट आणि आरओचं पाणी.

जामनेर_डिझेल
आरओ चालतं.

वर्कशॉप_आग्रारोड
आरओ चालवून घेता येतं, डिस्टिल्ड बरं. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं. वेगळ्या जातीचं कूलंट एकमेकांत मिसळू नका, काही वेळा आत गाळ धरतो. रंग बघून जात ठरवू नका, डब्यावर वाचा.

अहिरानी_गडी
मेकॅनिकला काई बोलू नका भाऊ, यात्रा व्हई जाऊ द्या. मंग बोला.

बोरीकाठ
श्राउड आणला, जुना रेडिएटर परत बसवला, दिवे काढले. एसी लावून दुपारी आवारात उभी ठेवली, मग गावातून पहिल्या गिअरमध्ये फिरवली. काटा निम्म्याच्या किंचित वर जाऊन थांबतो. लालकडे गेला नाही. आता दिवसभर असंच राहील का?

तापीपूर
राहायला हवं. पण पहिल्या गिअरमध्ये दिवसभर रांगत नेण्यापेक्षा दोन किलोमीटर पुढं जा, सावलीत थांबा, दिंडी आली की परत पुढं. बंद करायच्या आधी मिनिटभर तशीच चालू ठेवा, टर्बो आहे. काटा चढलाच तर एसी बंद करून हीटर आणि ब्लोअर पूर्ण सोडा. तोही छोटा रेडिएटरच. आतल्या लोकांना घाम फुटेल, पण इंजिन वाचेल.

बोरीकाठ
पुढं जाऊन थांबता येत नाही. गाडी नजरेआड झाली की म्हातारी माणसं कावरीबावरी होतात, गेल्या वर्षी एक आजी वाटेतच खाली बसली. मागेच राहावं लागेल. हीटरचं चालेल, पण हीटरची नळी मेकॅनिकने मागेच बंद करून टाकलीय.

वर्कशॉप_आग्रारोड
तो पत्ता द्या मेकॅनिकचा, एकदा दर्शन घेऊन येतो. नळी जोडून घ्या, तासाभराचं काम आहे. जोडल्यावर हवा काढायची, नाहीतर हवेचा फुगा अडकून परत काटा वर जाईल. टाकीचं झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू करा, हीटर पूर्ण गरमवर, नाक थोडं चढावर. बुडबुडे थांबले की भरून झाकण लावा. आणि निघायच्या आधी तो कंडेन्सर परत एकदा बघा, कारण गाडी अजून जिनिंगमध्येच उभी आहे.

केळीपट्टा
तो जाड रेडिएटर विकायचाय का? माझ्या जनरेटरला चालेल.

पांझरा_टायर
पासिंगचं विचारलं होतं, उत्तर आलं नाही.

बोरीकाठ
पासिंग झालंय. केळीपट्टा भाऊ, घेऊन जा, पण रावेरपर्यंत न्यायचं भाडं तुमचं. यात्रेनंतर फोन करा.