सेवाभावी क्लबचं सभासद व्हावं का? फोटो सोडून काही काम होतं का?

सुईदोरा, जुळे सोलापूर

नमस्कार मंडळी. माझं शाळेच्या युनिफॉर्मचं छोटं युनिट आहे, १२ मशिनी. कापडाचे एक व्यापारी काका तीन महिने मागे लागलेत, "आमच्या क्लबात ये." मागच्या गुरुवारी पाहुणा म्हणून घेऊनच गेले. घंटा वाजली, राष्ट्रगीत झालं, कुणाचे वाढदिवस, कुणाच्या लग्नाचे वाढदिवस, मग एक डॉक्टर मधुमेहावर २० मिनिटं छान बोलले आणि जेवणात गुलाबजाम! एकाला कोटावर बिल्ला लावला नाही म्हणून ५० रुपये दंड झाला. सगळे हसले, मला काही कळलं नाही.

वर्गणी माझ्या एका कारागिराच्या महिन्याच्या पगाराएवढी आहे. बायको म्हणते, "रक्त द्यायला वर्गणी कशाला लागते?" मला उत्तर देता आलं नाही. शिवाय एप्रिल ते जून आमचा सीझन, जेवायला फुरसत नसते. दर आठवड्याला जावंच लागतं का? आणि खरंच काही काम होतं का, की नुसती ओळखीपाळखी?

कडक भाकरी

फोटोसाठीच असतंय बे सगळं. आमच्या कॉलनीत एका क्लबनं झाडं लावली. झाडापेक्षा पिंजऱ्यावरची पाटी मोठी. आता पिंजरा हाय, पाटी हाय, झाड नाही. माणसालाच नळाचं पाणी काही दिवसाआड, उन्हाळ्यात झाडाला कोण घालणार?

माजी सेक्रेटरी

कडक भाकरी, पाटीचं खरं आहे. तसल्या दोन पाट्या मीच रंगवून आणल्या होत्या.

सुईदोरा, मी २२ वर्षं एका क्लबात होतो, त्यातली तीन सेक्रेटरी. नाव सांगत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे ते फारसं भूषणावह नाही.

आधी हजेरीचं. रोटरी हे नावच मुळी फिरत्या बैठकीवरून पडलं. १९०५ साली शिकागोत पॉल हॅरिस आणि त्यांचे तिघे मित्र आळीपाळीनं एकमेकांच्या ऑफिसात जमायचे. आमच्या वेळी हजेरी फार कडक. एक मीटिंग बुडली तर दुसऱ्या गावच्या क्लबात बसून भरून काढायची, त्याला 'मेकअप' म्हणत. मुलीच्या परीक्षेला पुण्याला गेलो तेव्हा मी असा मेकअप करून आलो होतो. बायकोला वाटलं, ब्युटी पार्लरमध्ये गेलो. २०१६ पासून रोटरीनं नियम सैल केले, महिन्यातून किमान दोन बैठका झाल्या तरी चालतं. लायन्सचे क्लबही बहुतेक महिन्यातून दोनदाच भेटतात. तेव्हा सीझनचं काकांना आधीच स्पष्ट सांगा. क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होतं, तोवर तुमच्या शाळाही सुरू झालेल्या असतात.

दंडाची गंमत आहे, पण आमच्याकडे त्या डब्यातून पेशंटचं रिक्षाभाडं जायचं.

आता कामाचं. २००७ ची गोष्ट. पूर्व भागात एका शाळेच्या हॉलमध्ये मोतीबिंदूचं शिबिर घेतलं. ६१ जण तपासले, २२ जण ऑपरेशनला निवडले. बुधवारी सकाळी सात वाजता बस उभी केली, तर आले ९. आणि पेपरात बातमी "२२ जणांवर मोफत शस्त्रक्रिया". ती बातमी मीच आदल्या दिवशी लिहून दिली होती.

पुढच्या गुरुवारी आमच्या खजिनदारांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "उरलेले १३ कुठायत?" अध्यक्ष विषय बदलायला लागले. खजिनदार बसेनात. शेवटी रविवारी आम्ही दोघं स्कूटरवरून घरोघरी गेलो.

पहिल्याच घरी कळलं की आम्ही दिलेली चिठ्ठी कुणाला वाचताच आली नव्हती. घरात सगळे तेलुगू बोलणारे, आणि आम्ही छापलेलं शुद्ध पुस्तकी मराठीत, "रुग्णांनी नियोजित स्थळी उपस्थित राहावे". दुसरीकडे म्हातारी विड्या वळत बसली होती. म्हणाली, मी दवाखान्यात गेले तर माझी मजुरी बुडते, सून सोबत आली तर तिचीही. एका आजोबांना वाटत होतं मोती अजून 'पिकला' नाही. पूर्वी पिकू द्यायचे हे खरं, पण आता आत भिंग बसवतात, तेवढं थांबायचं कारण नाही. तिघींची साखर वाढलेली निघाली म्हणून नावं काढली होती. आधी साखर आटोक्यात आणा, गोळ्या कुठं मिळतील, परत कधी या, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्यातली एक मला म्हणाली, "साहेब, तुम्ही मला नापास केलं ना?"

नंतरच्या तीन-चार मीटिंगा याच्यावरच गेल्या. आमच्या एका सभासदाची आई तेलुगू बोलणारी. पुढच्या शिबिरात तिलाच नोंदणीच्या टेबलावर बसवलं. चिठ्ठी दोन्ही लिप्यांत, चार ओळींची. प्रत्येक सभासदाकडे तीन पेशंट वाटून दिले: साखर तपासून घेणं, बसपर्यंत आणणं, आणि ऑपरेशननंतर महिनाभर थेंब घालतात की नाही हे पाहणं. थेंबाचंच सगळ्यात अवघड. सुरुवातीला दिवसातून पाच-सहा वेळा, मग डॉक्टर कमी करत आणतात. पट्टी निघाली आणि दिसायला लागलं की लोक दोन दिवसांत बाटली ठेवून देतात. त्या वेळी २० पैकी १८ जण आले. फोटो काढायचा राहून गेला.

म्हणून तुम्ही काकांकडे एकच मागा, मागच्या शिबिराची नोंदवही. तिच्यात नावापुढे 'पुन्हा तपासणी' असा रकाना असेल आणि तो भरलेला असेल, तर डोळे मिटून सभासद व्हा. वही सापडेना झाली तर वर्गणी वाचवा.

आणि वहिनींनाही न्या. रोटरीनं जगभरात बायकांना सभासदत्व खुलं केलं १९८९ साली, लायन्सनं १९८७ साली. आमच्या क्लबात पहिली बाई यायला त्यानंतरही १५ वर्षं गेली. वर्गणीचा प्रश्न विचारणारं माणूस क्लबात हवंच असतं.

लाल पिशवी

मी रक्तपेढीत टेक्निशियन आहे. वहिनींचं बरोबर आहे, रक्त द्यायला वर्गणी लागत नाही. वय १८ च्या पुढे, वजन ४५ किलोच्या वर आणि हिमोग्लोबिन १२.५ असलं की बास. पुरुषांनी ९० दिवसांनी, बायकांनी १२० दिवसांनी पुन्हा द्यावं.

पण क्लबवाल्यांशी माझं वेगळं भांडण आहे. सगळ्यांची शिबिरं १५ ऑगस्ट, २६ जानेवारी नाहीतर अध्यक्षांच्या वाढदिवसाला. त्या आठवड्यात आमच्याकडे फ्रीजमध्ये जागा नसते. रक्ताची पिशवी टिकते ३५ दिवस, प्लेटलेट्स तर पाचच. मेमध्ये कॉलेजं बंद, बाहेर ४३ डिग्री, तेव्हा थॅलेसेमियाच्या, म्हणजे ज्यांना सारखं रक्त चढवावं लागतं अशा पोरांचे आईबाप आमच्या दारात उभे असतात. एका क्लबनं दोन वर्षांपूर्वी मेमध्ये संध्याकाळी पाच ते नऊ शिबिर घेतलं, कूलर लावून, आधी लिंबूसरबत पाजून. ३८ पिशव्या. मला त्या १५ ऑगस्टच्या दोनशेपेक्षा मोलाच्या.

सात रस्ता

वारीतही तेच. शेगावची गजानन महाराजांची पालखी सोलापुरात येते तेव्हा १०० पावलांत आठ ठिकाणी केळी. वारकरी बिचारे नको म्हणत नाहीत, पिशवीत टाकतात. मागच्या वर्षी एका मंडळानं फक्त दोन चांभार बसवले, चपला शिवायला. रांग हटत नव्हती.

सुईदोरा, जुळे सोलापूर

काकांना वही मागितली. आधी जरा गप्प बसले, मग दुकानातूनच काढून दिली. रकाना आहे. अर्धा भरलाय, अर्धा कोरा. म्हणाले, "म्हणून तर तरुण माणूस पाहिजे."

बायकोनं वही चाळली आणि तिला दिसलं की सहा-सात नावांपुढे 'कागद हरवले' लिहिलंय. आमच्याकडे खाकी कापडाचे तुकडे ढिगानं उरतात. गळ्यात अडकवायच्या पिशव्या शिवल्या तर? चिठ्ठी, रिपोर्ट, थेंबाची बाटली एकत्र राहील. उजवा डोळा असेल तर लाल पट्टी, डावा असेल तर निळी. सभासदत्वाचं जुलैत बघू, पिशव्या या महिन्यात देतो. झिप लावू का?

माजी सेक्रेटरी

झिप नको, म्हाताऱ्या बोटांना उघडत नाही. नाडी लावा. आणि बाटलीला आत वेगळा कप्पा करा, नाहीतर गळून चिठ्ठी भिजते.