मदत हवी आहे: आईची हाडं ठिसूळ झाली आहेत, नायट्रिक ऑक्साइडचा उपयोग होतो का?

आई ६४ वर्षांची आहे. मार्चमध्ये न्हाणीघरात पडून मनगट मोडलं, म्हणून डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) केला. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोर (तरुण निरोगी हाडांशी तुलना करणारा आकडा) उणे २.८ आला, म्हणजे हाडं ठिसूळ झाली आहेत. डॉक्टरांनी हाडांची झीज रोखणाऱ्या अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची आठवड्याची गोळी दिली आहे. दर रविवारी अनशापोटी पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. पण आईच्या घशाशी जळजळतं, आता ती गोळीच नको म्हणते.

त्यात मामा म्हणाला, नायट्रिक ऑक्साइडने हाडं भरतात. भाऊजींच्या (म्हणजे माझ्या बाबांच्या) छातीत दुखण्यावरच्या सॉर्बिट्रेट गोळीतून तेच मिळतं, रोज अर्धी घेऊन बघ. मी घाबरून वाचायला बसले. मामाचं मूळ म्हणणं खोटं नाही. चालताना हाडावर भार आला की आतल्या बारीक नळ्यांतला द्रव हलतो. ते हाडातल्या ऑस्टिओसाइट पेशींना जाणवतं आणि त्या नायट्रिक ऑक्साइड सोडतात. त्याने हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशींना आळा बसतो. नायट्रोग्लिसरीनमधूनही शरीरात नायट्रिक ऑक्साइड मिळतं, आणि त्याच्या मलमाने हाडांची घनता वाढल्याचा २०११ सालचा 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकातला अभ्यासही सापडला. असं मलम कुणाला डॉक्टरांनी दिलं आहे का? नाहीतर गोळीऐवजी दुसरं काय?

प्रतिसाद १:
ताई, आधी ती सॉर्बिट्रेट आईंना घेऊ देऊ नका. रक्तदाब एकदम उतरून चक्कर आली आणि पुन्हा पडल्या, तर या खेपेला खुबा मोडायचा. तो २०११चा अभ्यास 'जामा'ने २०१५मध्ये मागे घेतला, आकड्यांत फेरफार झाल्याचं चौकशीत निघालं. २००९मध्ये अमेरिकेतल्या १८६ स्त्रियांचा तीन वर्षांचा अभ्यास आला होता. त्यात नायट्रोग्लिसरीनचं मलम आणि औषध नसलेलं मलम यांत घनतेचा फरक दिसला नाही.

जळजळ अंगावर काढू नका, डॉक्टरांना सांगा. झोलेड्रोनिक ॲसिड हे ठिसूळ हाडांवरचंच औषध वर्षातून एकदा शिरेतून देतात, त्यात घशाचा प्रश्नच नाही. माझ्या सासूबाईंना क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी), कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून मगच दिलं. आणि आईंना झेपेल तेवढं चालवा. हाडांतलं नायट्रिक ऑक्साइड त्यानेच सुटतं, हे तुम्हीच वर लिहिलं आहे.

धागाकर्ती:
अभ्यास मागे घेतल्याचं मला दिसलंच नव्हतं. खूप आभार. बाबांना सॉर्बिट्रेटची गोळी हाताशी लागते, म्हणून ती त्यांच्याच खिशातल्या डबीत ठेवली आहे. मामालाही फोन केला. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय. शिरेतून औषध दिल्यावर ताप आणि अंगदुखी होते असं वाचलं. सासूबाईंना किती दिवस त्रास झाला?