कॉन्टेसाचं वजन उतरवायचंय, सुरुवात कुठून करू?

कुपवाडकर: घरची ९६ सालची कॉन्टेसा क्लासिक, १.८ इसुझू पेट्रोल. कोइंबतूरच्या करी रेस ट्रॅकवर न्यायची आहे. इंजिनला हात लावायला पैसे नाहीत, म्हणून वजनाच्या मागे लागलोय. एकानं फायबरच्या बॉनेटचा भाव सांगितला, तो ऐकून आई दोन दिवस बोलत नव्हती. फुकटात काय काय निघेल?

मिरज_जंक्शन: भावा, पाना हातात घ्यायच्या आधी गाडी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चढव. ऊस चालू नसताना काटे रिकामेच असतात. पहिल्यांदा फक्त पुढची चाकं, मग अख्खी गाडी. वजाबाकी केलीस की मागचा भार कळतो. टाकीत पेट्रोल किती आहे तेही लिहून ठेव, २० लिटर म्हणजे जवळपास १५ किलो. सुटे भाग मात्र मोठ्या काट्यावर कळत नाहीत, ते लहान काट्यावर तोल.

कराडचा_गडी: मागची सीट, स्टेपनी, जॅक, गालिचा, एसी. एसीचा कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर दोन्ही नाकावर बसतात, ते आधी घालव. गॅस मेकॅनिककडून काढून घे. ब्लोअर ठेव, पावसात काच धुरकट होते. फ्लोअरवरचे डांबरी शीट डिसेंबरातल्या पहाटे खरवड. मी मे महिन्यात खरवडायला बसलो होतो, उलथनं आणि चप्पल दोन्ही चिकटून बसले.

आता मी खाल्लेली माती. माझ्या एस्टीमची मागची बाजू पार रिकामी केली, पुढचं तसंच राहिलं. ब्रेकचं पुढचं-मागचं प्रमाण कंपनीनं भरल्या गाडीसाठी ठरवलेलं. जोरात दाबला की मागची चाकं आधी लॉक. तिसऱ्या वळणावर गाडी आली त्या दिशेला तोंड करून उभी! तुझी तर मागच्या चाकांवर चालणारी, शेपूट हलकं झालं तर ग्रिपही जाणार. बॅटरी डिकीत ने, नीट आवळून, आणि मागच्या ब्रेकला प्रेशर कमी-जास्त करायचा व्हॉल्व्ह बसव.

मिरज_जंक्शन: आणि रोल केजचं, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणाऱ्या पाइपांच्या पिंजऱ्याचं, वजन वाढलं तरी वाढू दे. एमआयडीसीत फर्निचरचा पाइप वाकवून देतील, घेऊ नकोस. बिनजोडाचा सीमलेसच हवा, मुख्य कमान ४५ मिमी व्यास, २.५ मिमी जाडी. बाजूच्या काचा बदलायच्या तर पॉलिकार्बोनेट, ॲक्रिलिकचे तुकडे होतात.

कुपवाडकर: खंबाटकीत एकदा पळवून बघू का?

कराडचा_गडी: अजिबात नको राव. रस्त्यावर शर्यत म्हणजे मोटार वाहन कायद्याचं कलम १८९, आणि असे बदल केलेली गाडी रस्त्यावर आणलीस तर कलम ५२. ट्रेलरवर घालून थेट ट्रॅकवर.

कुपवाडकर: बरं. आज मार्केट यार्डात ओळखीच्या हळदीच्या अडतीवर मागची सीट तोलली, १९ किलो. हमालानं खालून-वरून बघितलं आणि विचारलं, "ही कुठली, राजापुरी का सेलम?"